शेवटचं घर सोडून सगळी गल्ली

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.
आजपासून धंद्याला नवं वळण. घर घेणारे पैशाला पासरी झालेत, खरा दुष्काळ विकणाऱ्यांचा आहे. काल ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण केलं. ट्रेनर पोरगेलासा, पण दात उत्तम आणि आत्मविश्वास त्याहून. म्हणाला, विकणारा शोधू नका, विकण्याचं कारण शोधा. कारणं चार. बदली, भांडण, गुडघे आणि मृत्यू. गुडघे म्हणजे ज्यांना जिने चढवत नाहीत ते लोक. किती सोपं आहे. इतकी वर्षं मी उगाच बोर्ड लावून ऑफिसात बसलो.
संकल्प: रोज दहा दारं, पाच फोन, एक हाताने लिहिलेलं पत्र. नकाराने खचायचं नाही.

संध्याकाळी.
दारं झाली नाहीत. पहिला दिवस प्लॅनिंगचा असतो. व्हिजिटिंग कार्डावर 'एजंट' काढून 'सल्लागार' करायला टाकलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
ट्रेनर ज्याला फार्मिंग म्हणतो ते असं: एक गल्ली धरायची, तिथे वर्षभर पेरत राहायचं, घरोघरी तोंड दाखवायचं. कोणाच्याही मनात विकायचं आलं की आधी आपला चेहरा आठवला पाहिजे. गल्ली निवडली. आई राहायची तीच. यात भावनेचा काही प्रश्न नाही. त्या गल्लीचा डेटा माझ्याकडे आयता आहे.
गल्लीतलं शेवटचं, वरच्या मजल्यावरचं घर आईचं. आई मागच्या डिसेंबरात गेली. तेव्हापासून घर बंद आहे. ते घर फार्मिंगमध्ये धरलेलं नाही.
दुपारी ताईचा परगावाहून फोन. एक शिक्षक जोडपं आहे, त्यांना आईचं घर बघायचंय, कधी दाखवतोस? मी म्हटलं, मार्केट योग्य नाही. ताई म्हणाली, अकरा महिने हेच ऐकतेय, तुझं मार्केट अंथरुणाला खिळलंय का? महिनाअखेरपर्यंत तू हलला नाहीस तर टायवाल्याला देणार आहे. टायवाला म्हणजे माझ्या ऑफिससमोरचा एजंट. मरणाच्या उकाड्यातही टाय लावतो. ताईला आमच्या धंद्यातलं कळत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
प्रत्यक्ष मैदानात उतरलो.
आईच्या समोरच्या काकू. आईची तीस वर्षांची मैत्रीण. दार उघडून "अरे तू!" म्हणाल्या आणि चहाच टाकला. एकदम विकता का विचारणं बरं दिसत नाही, म्हणून गुडघ्यांपासून सुरुवात केली. गुडघे ठणठणीत. उलट माझाच चेहरा उतरलाय म्हणाल्या, नीट जेवतोस का विचारलं. जेवतो म्हटलं.
मग निवृत्त पोस्टमास्तर. बदली होणं शक्य नाही. भांडणाचं विचारलं तर म्हणाले, भांडायला घरात उरलंय कोण. चौथं कारण विचारणं जिवावर आलं.
मग शिंपी. त्याने माझ्या पँटची उसवलेली शिवण दोन मिनिटांत घालून दिली. विकायचं नाही म्हणाला.
तीनच दारं झाली, पण दर्जेदार.
उरलेली पत्रकं घरी कशाला न्यायची, म्हणून आईच्या घरात ठेवली. किल्ली माझ्याकडे असतेच. तिथे बसून नोंदीही करून टाकल्या. तसं पाहिलं तर हे उत्तम फील्ड ऑफिस आहे. मोठा दिवा लावला नाही. दिवा दिसला की घर उघडलं अशी बोंब होईल आणि घेणारे माशांसारखे जमतील. मोबाइलच्या टॉर्चवर काम भागलं.
हिला क्लायंट मीटिंग सांगितली. गल्लीतला प्रत्येकजण पोटेन्शियल क्लायंट असतो, तेव्हा हे खोटं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार.
पोस्टमास्तरांना स्वहस्ते पत्र लिहिलं. 'आपल्या सुंदर घराची एक कुटुंब डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत आहे.' संध्याकाळी त्यांनी शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून पत्र परत दिलं. संपर्क प्रस्थापित झाला, हे महत्त्वाचं.
फील्ड ऑफिसात सात ते आठ. आता रोज हीच वेळ ठेवायची, शिस्त लागते. आईच्या खुर्चीत बसत नाही. तिला तिच्या खुर्चीत कोणी बसलेलं खपायचं नाही. मी स्टुलावर बसतो. कॉटवर तिची शाल घडी करून ठेवलेली, तशीच आहे. घरात अजून बामाचा वास येतो. बंद घराला वास येणारच.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
भलतंच उद्भवलं. काकूंनी मला दारातच गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, तुझ्या आईच्या घरात काहीतरी आहे. तिन्हीसांजेला खिडकीत उजेड फिरतो. मधूनच खोकल्याचा आवाज येतो. तुझी आई खोकायची ना, अगदी तसा.
मी हसण्यावारी नेलं. पण अफवेला पाय नसले तरी ती पळते फार. एरियाचे दर पडायला वेळ लागणार नाही. तेव्हा शास्त्रशुद्ध तपास केला. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे हा प्रकार सात ते आठ या वेळात होतो. योगायोगाने त्या वेळी रोज मी स्वतः घरात हजर असतो, हातात टॉर्च घेऊन, आणि मला आजवर कुठलाही उजेड दिसलेला नाही. खोकल्याचं म्हणाल तर धुळीने मलाच इतका खोकला झालाय की दुसऱ्या कोणाचा ऐकू येणं कठीण.
निष्कर्ष: काकूंचे डोळे. चष्म्याचा नंबर वाढला असणार. (वय, नजर, जिना. विकण्याचं कारण? नोंद ठेवली.)

१२ नोव्हेंबर, बुधवार.
काल जे लिहिलं ते थोडं घाईत लिहिलं.
आज स्टुलावर बसून पत्रकांना घड्या घालत होतो. साधारण साडेसात. दारावर टकटक झाली. तीनदा. हळू. मी लहानपणी बाथरूममध्ये तासन् तास बसायचो तेव्हा आई अशीच वाजवायची. मी टॉर्च विझवला आणि श्वास रोखला. दाराच्या पलीकडेही कोणीतरी श्वास रोखून उभं होतं. हे माणसाला कळतं. बराच वेळ आम्ही दोघे तसेच होतो. मग पावलं जिन्यावरून खाली गेली, एक पाय जरा ओढत. आई शेवटी शेवटी असाच पाय ओढायची.
मी घाबरलो नाही. फक्त उठायला जमलं नाही.
हिने घरी विचारलं, असे पांढरेफटक का दिसताय. म्हटलं, मार्केट.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
काकू अंथरुणावर आहेत. ताप भरलाय. सुनेने सांगितलं, काल संध्याकाळी सासूबाई धीर करून तुमच्या आईच्या दारापर्यंत गेल्या होत्या. दार वाजवलं तर आतून कोणी श्वास घेतल्याचा आवाज आला. येताना जिन्यावर पायही मुरगळला. वेळ विचारली. साडेसात.
विलक्षण आहे. नेमकी त्याच वेळी मलाही चाहूल लागली होती. म्हणजे एकमेकांना काहीही माहीत नसलेले दोन स्वतंत्र साक्षीदार, एक दाराच्या आत आणि एक बाहेर. आता याला नुसती अफवा म्हणता येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
पहिलं पीक आलं!
शिंपी स्वतःहून ऑफिसात आला. घर विकायचंय. बायको म्हणते, त्या खिडकीसमोर एक दिवस राहणार नाही. तासाभराने पोस्टमास्तरांचा फोन, सहज विचारतो, आमच्या घराचं काय येईल? वीस वर्षांच्या धंद्यात एका सकाळी दोन विकणारे आले नव्हते. ट्रेनरला मेल केला की तुमच्या चार कारणांत पाचवं घाला, भीती. उत्तर आलं नाही. शिष्य पुढे गेला की गुरूंना जड जातं.
एक अडचण मात्र आहे. भूत घालवावं तर विकणारे जातील, आणि ठेवावं तर घेणारा कोणी फिरकणार नाही. इकडे आड तिकडे विहीर. रात्री जेवताना हिला सगळं सांगितलं, फील्ड ऑफिसचं सोडून. ही म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरातले विकणारे सोडून लोकांची दारं कसली वाजवताय?" हिचं आईवर प्रेम होतं, नाही असं नाही. पण हिला वाटतं, एखादं माणूस गेलं की झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
ताईने मला न विचारता शिक्षक जोडप्याला पाठवलं. दाखवणं भाग पडलं. माझा बाणा प्रामाणिकपणाचा आहे, त्यामुळे काही लपवलं नाही. पाण्याला जोर नाही. दुपारचं ऊन थेट स्वयंपाकघरात येतं. भिंतीत ओल आहे. जिन्याची एक पायरी दगा देते. गल्लीत भुताची चर्चा आहे, तीही याच घराची. शिक्षकाचा चेहरा जरा पडला. शिक्षिका म्हणाली, भूत राहत असेल तर त्याच्याकडून भाडं घेऊ. बाईला विनोदबुद्धी आहे. अशी गिऱ्हाइकं धोकादायक.
मग तिने आईची खुर्ची उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवली, उजेड कसा पडतो ते बघायला. माझ्या तोंडून एकदम निघालं की ती तिथे नको. दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, फरशी नाजूक आहे.
घर त्यांना पसंत आहे. आपल्या आईला घेऊन राहायला येणार म्हणाले. मी कळवतो म्हटलं. कळवणार नाही. त्यांच्यासारख्या भल्या माणसांना ओलीच्या भिंती गळ्यात मारणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
ते गेल्यावर खुर्ची जागेवर ठेवली. फरशीवर तिच्या पायांच्या खुणा आहेत, त्यामुळे जागा चुकत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
थंडी वाढली. फील्ड ऑफिसात बसवेना, म्हणून शाल घेतली. घडी मोडली गेली, इलाज नव्हता. स्टुलाने पाठ धरली होती म्हणून आज खुर्चीत बसलो. आजचा दिवसच.
पत्रकांना हात लावला नाही. टॉर्चही लावला नाही. नुसता बसलो.
वही माझी आहे, वाचणारं कोणी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नसावी. घरात कोणीतरी आहे. मला दिसलं काही नाही. पण भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात माणूस काम करत असलं की घर जसं वाटतं, तसं वाटतं. आणि काकू म्हणतात ते खरं असेल, ते तिचंच असेल, तर मी घाबरायचं काय कारण? उलट टायवाला येऊन टेप लावायला लागला, नवे लोक येऊन भिंती रंगवायला लागले, तर तिने जायचं कुठे? हा मुद्दा ताईच्या लक्षात आलेला नाही.
दार उघडून आत येताना आज मी "आलो गं" म्हणालो. सवयीने.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
ताई थेट आली, काकूंकडे उतरली. तिच्याबरोबर टायवाला. मला न सांगता काकूंच्या घरी गल्लीची बैठक. मी पत्रकं वाटत तिथून जात होतो म्हणून कळलं. बोलावलं नव्हतं, पण एरिया माझा आहे, बसलो.
ताई म्हणाली, बंद घराला तोंडं फुटतात, या गोष्टी ऐकून शिक्षक मंडळी उद्या मागे फिरतील. काय ते एकदा बघूनच टाकू. ठरलं असं: बुधवारी संध्याकाळी सातला सगळ्यांनी एकत्र वर जायचं. टायवाला मोठे दिवे आणणार. किल्ली ताईकडे आहे, तिची. मी योजनेला जाहीर पाठिंबा दिला. लोक चकित झाले.
माझा स्वतंत्र प्लॅन असा: ते बाहेरून येतील. मी त्याआधीच आत जाऊन बसेन. म्हणजे जे काही असेल ते दोघांच्या कात्रीत सापडेल. हे कोणाला बोललो नाही. बातमी फुटली तर तेच सावध व्हायचं.
खरं तर मला त्यांच्याआधी तिला सांगायचंय की माणसं येताहेत.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
लिहायचं नव्हतं. पण दिवस गाळला की सवय मोडते.
साडेसहाला आत गेलो. दार आतून लोटून घेतलं. शाल पांघरून खुर्चीत बसलो. हळू आवाजात सांगितलं की आज ताई येतेय, बरोबर लोक आहेत, मनाला लावून घेऊ नकोस. पुन्हा सांगितलं. मग खोकला आला, तो आवरेना.
जिन्यावर पावलं. किल्लीचा आवाज. दार उघडलं आणि टायवाल्याचा दिवा सरळ माझ्या तोंडावर. काकू किंचाळल्या आणि शिंप्याच्या अंगावर पडल्या. पोस्टमास्तर कोणालातरी नावानिशी हाका मारत होते, नंतर कळलं ती त्यांची वारलेली बायको. कोणीतरी भिंतीवरचं बटण दाबलं. वर्षभराने घरातला दिवा लागला.
सगळे बघत होते. मी शाल काढायला विसरलो होतो. मला वाटलं ताई चिडणार. ती आली आणि माझ्यासमोर खाली बसली, लहानपणी माझ्या बुटाची नाडी बांधायला बसायची तशी.
"बाळ्या," ती म्हणाली, "ती नाहीये रे इथे."
मी म्हटलं, "माहीत आहे. मी मोजमाप घेत होतो."
माझ्या हातात टेप नव्हता. काहीच नव्हतं. मग टायवाल्याने खिशातून आपला टेप काढला आणि माझ्या हातात दिला. "घ्या सर," म्हणाला, "तुमचा खाली राहिला असेल."
मग मोजमाप घेणं भागच होतं. दुसरं टोक काकूंनी धरलं. तापातून उठलेल्या, पण धरलं. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. आकडे ताईने लिहून घेतले. मला वाटत होतं त्यापेक्षा घर बरंच लहान भरलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
कागदांवर सह्या करून ताईच्या हवाली केले, पुढचं सगळं ती आणि टायवाला बघतील. मला कामं आहेत. किल्ली द्यायची राहिली होती, ती हिने माझ्या खिशातून काढून दिली. खुर्ची ताई घेऊन गेली. शाल मला दिली. आमच्याकडे ब्लँकेटं भरपूर आहेत, पण असू दे.
शिंप्याने विकण्याचा विचार सोडला. भूत सापडलं, आता कशाला जायचं, असं त्याची बायको म्हणते. पोस्टमास्तरांनीही माघार घेतली. ते मात्र गेटपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, अधूनमधून येत जा, विकायचं नसलं तरी. धंद्यात याला वॉर्म लीड म्हणतात, पुढेमागे पिकेल असं गिऱ्हाईक.
एकूण महिन्याचा आढावा: विकणारे शून्य. पण एरियात माझा चेहरा आता कोणी विसरणार नाही. तोच तर फार्मिंगचा उद्देश असतो.

२० डिसेंबर, शनिवार.
ट्रेनरचं म्हणणं, घर विकलं गेलं की संबंध तोडू नका, आजचा घेणारा हा उद्याचा विकणारा. म्हणून नव्या लोकांची फॉलो-अप भेट घ्यायला गेलो. व्यवहार टायवाल्याचा असला तरी सौजन्य कोणीही दाखवू शकतं. दुसरा काही हेतू नव्हता. वर्षही याच आठवड्यात भरतं, पण तो योगायोग.
जिन्याची पायरी दुरुस्त केलीय. घंटा बसवलीय, ती वाजवावी लागली. शिक्षक जोडपं शाळेत गेलं होतं. दार शिक्षकाच्या आईने उघडलं. बुटकी, चष्मा कपाळावर, हात पिठाचे. मुलाकडे काम आहे म्हटल्यावर कोण-कुठला न विचारता आत घेतलं. येईलच इतक्यात, बसा म्हणाल्या. मी उभाच राहिलो, कुठे बसायचं ते कळेना. भिंती फिकट निळ्या झाल्यात. खिडकीपाशी त्यांचं एक टेबल आहे, त्यावर ऊन पडलं होतं. छान पडतं तिथे ऊन. मला माहीत नव्हतं.
बामाचा वास घेऊन पाहिला. नव्हता. रंगाचा होता.
शेवटी एका खुर्चीत बसलो. त्यांनी पाण्याचा पेला आणून दिला आणि समोर बसल्या. ही गल्ली त्यांना अजून उमगत नाही म्हणाल्या, सगळे जिने सारखेच, परवा भलत्याच दाराला किल्ली लावत बसले. मग मी सगळं पाणी संपवेपर्यंत थांबल्या आणि विचारलं, "तुम्हाला घर सापडायला त्रास नाही ना झाला?"
म्हटलं, थोडा झाला.